बारा बोर घरात आहे, म्हणजे आपण सेफ?

मे महिन्यात लोकं लग्नाकार्याला गावी गेली, किंवा दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या, की नागपुरात घरफोड्यांच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग एक सल्लाही फिरायला लागतो, की भाऊ एक बारा बोर घेऊन ठेव ना घरी, लायसन्स काढून टाक, मग टेन्शनच नाही. बेसा, मनीष नगर, बेलतरोडीकडच्या नव्या ले-आउटमधे तर हे हमखास ऐकू येतं कारण तिकडे अजून चार रिकाम्या प्लॉटांमागे एक घर आहे आणि रात्री रस्त्यावर कुत्र्यांशिवाय कोणी नसतं, त्यामुळे भीती खोटी नाही. पण सल्ला देणाऱ्यानी स्वतः जन्मात एक काडतूस फोडलेलं नसतं. त्याचं सगळं ज्ञान सिनेमातलं आणि अमेरिकन यूट्यूबवाल्यांचं.

मी काही बंदुकीच्या नावानी नाक मुरडणारा माणूस नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की बारा बोरसारख्या छर्ऱ्याच्या बंदुकीबद्दल, म्हणजे जिच्या एका काडतुसातून शिशाच्या बऱ्याच बारीक गोळ्या एकदम सुटतात तिच्याबद्दल, जेवढे गैरसमज आहेत ना, ते सगळे एकाच गोष्टीवर येऊन थांबतात, की बाकी काही करायची गरज नाही, बंदूकच करून घेईल. नेम ती धरेल, चोराला ती घाबरवेल, भिंतीपलीकडच्या पोराची काळजी ती घेईल, उद्या केस झाली तर कोर्टातही तीच उभी राहील. असं समजणाऱ्या माणसाला लायसन्स देणं म्हणजे त्याच्याच घरात धोका नेऊन ठेवणं, आणि आपल्याकडे लायसन्स देताना हे कोणी धड तपासत नाही असं माझं म्हणणं आहे.

सगळ्यात लाडका गैरसमज आधी घेऊ. "याच्यात नेमच धराव लागत नाही ना बे, छर्रे पसरतात." पसरतात, पण किती? ढोबळ हिशोब असा की बिनाचोकच्या, म्हणजे तोंडाशी अरुंद न केलेल्या, नळीतून निघालेले छर्रे दर यार्डाला साधारण एक इंच पसरतात, म्हणजे मीटरला अडीच-तीन सेंटिमीटर. आता आपली बेडरूम दहा बाय बारा. बेडपासून दारापर्यंत तीन मीटर, फार तर साडेतीन. तेवढ्यात सगळा माल तळहाताच्या आत राहतो, आणि नळीला चोक असला, जो आपल्याकडच्या दोन नळीच्या बंदुकीत निदान एका नळीला असतोच, तर त्याहूनही कमी. सिनेमात एका बारात चौघं आडवे होतात तसं काही होत नाही. नेम अंगाबाहेर गेला तर मागच्या कपाटाला भगदाड आणि समोरचा माणूस जसाच्या तसा उभा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. काटोलकडे आमच्या मामाजींचा संत्र्याचा बगीचा, रानडुकरं आणि रोही यांच्या त्रासापायी पीकरक्षणाचं लायसन्स काढलेलं, आणि बंदुकीचा खरा उपयोग हवेत बार काढून त्यांना हाकलायचा. एकदा साफ करायला घेतली तेव्हा एका नळीत काडतूस राहून गेलेलं होतं आणि ती उडाली. समोर तीन-चार पावलांवर कोठीच्या खोलीचं जुनं सागवानी दार. ते दार अजून आहे. त्यात लिंबू आरपार जाईल एवढं एकच भोक आहे, कडा आतल्या बाजूला फुटलेल्या, आणि भोकाच्या डावीकडे एका सुट्या छर्ऱ्याचा वेगळा टिचका. आत तुरीचं पोतं फाटून डाळ सांडली होती आणि त्या डाळीत काडतुसातला नमद्याचा बूच सापडला. मामाजी पुढे कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ते भोक दाखवायचे, आणि मामी प्रत्येक वेळी फक्त एवढंच म्हणायच्या, "हाव, मी पाच मिनिटं आधी त्याच खोलीत होती."

त्या एका भोकात दोन गैरसमज जातात. पसरण्याचा तर गेलाच, दुसरा भिंतीचा. "छर्रे काय भिंतीपलीकडे जात नाहीत, गोळी जाते." हे वाक्य अमेरिकेतून आलं, आणि गंमत म्हणजे तिथेही ते खोटंच आहे, कारण तिकडे घराच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर दोन्हीकडून ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्समचे बोर्ड, त्यातून मोठे छर्रे एकामागून एक खोल्या पार करत जातात. आपल्याकडे भिंत विटांची, साडेचार इंची पार्टिशनला प्लास्टर असलं की छर्रा सहसा तिथेच थांबतो. मग आपण जिंकलो? नाही ना. कारण चोर भिंतीसमोर थोडाच उभा राहणार आहे, तो दारात उभा असतो, पॅसेजमधे असतो, खिडकीत असतो. आजकालच्या फ्लॅटात फ्लश डोअर, सरकत्या काचा, प्लायचा वॉर्डरोब, जिप्समचं फॉल्स सीलिंग, हे मोठ्या छर्ऱ्याच्या हिशोबानी पुठ्ठाच. आणि सिमेंटवर किंवा ग्रॅनाइटवर तिरका लागलेला छर्रा उसळून कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. तुमच्या बेडरूमच्या दारासमोर पोरांच्या खोलीचं दार असेल, आणि बहुतेक टू बीएचकेत ते असतंच, तर तुम्ही बार कोणत्या दिशेला काढणार हे आज दिवसाउजेडी उभं राहून बघा एकदा.

मग कोणी म्हणतं की बारीक छर्रे भरायचे, चोर जखमी होईल, मरणार नाही. हे तर फारच धोक्याचं. आपल्याकडच्या काडतुसात एलजी, एसजी हे मोठे छर्रे, आणि पुढे नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, चार, सहा, आठ असं. बारीक छर्रा लांबून लागला तर कातडीखाली अडकून राहतो, त्यानी हल्ला करणारा माणूस थांबेल याची काही गॅरंटी नाही. तोच तीन मीटरवरून लागला तर अजून पसरलेलाच नसतो, सगळा गोळा एकत्रच शिरतो आणि माणूस मरतो. म्हणजे थांबवायचं होतं तेव्हा थांबला नाही, आणि जिवंत ठेवायचा होता तेव्हा मेला. "हलक्यानी" मारायची सोय बंदुकीत नसते.

माणूस उडून मागे पडतो हा सिनेमाचा अजून एक प्रसाद. साधं दहावीचं गणित करा. मोठ्या छर्ऱ्याच्या काडतुसात शिसं साधारण ३० ग्रॅम, नळीतून निघताना वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. हे सगळंच्या सगळं ६० किलोच्या माणसात अडकलं तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला २० सेंटिमीटर. बसमधे कोणी खांदा लावून पुढे गेलं तरी यापेक्षा जास्त हलतो माणूस. आणि तेवढाच धक्का, किंबहुना बारुदीच्या गॅसमुळे थोडा जास्तच, मागे दस्ता धरलेल्याच्या खांद्याला बसतो. म्हणून "घरी बायकोला, म्हाताऱ्या वडिलांना वापरायला सोपी" हेही पटत नाही. तीन किलोच्या वर वजन, सवा मीटरच्या आसपास लांबी, दोन बार आणि मग बंदूक मोडून काडतुसं बदलायची, तेही अंधारात, हात थरथरत असताना. दस्ता खांद्यात नीट रुतवला नाही तर पहिल्याच बाराला खांदा नाहीतर गाल सुजतो, दुसरा बार कुठे जातो ते देवाला माहीत. बंद खोलीत आवाज १५० डेसिबलच्या वर, त्यामुळे पहिल्या बारानंतर कानात शिट्टी वाजत राहते आणि पोरगं दुसऱ्या खोलीतून ओरडतंय की चोर पळतोय हे कळायचा मार्गच बंद.

आणि ते "खट-खटाक" वालं. पंप अ‍ॅक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक, ती ओढल्याचा आवाज ऐकला की चोर धूम ठोकतो म्हणे. पहिली गोष्ट, आपल्याकडे लायसन्सवर दिसणाऱ्या बहुतेक बंदुका एक नळी किंवा दोन नळी, मधून मोडणाऱ्या, त्यात ओढायला काही नाहीच. दुसरी गोष्ट, नागपूरच्या उन्हाळ्यात, म्हणजे ऐन घरफोड्यांच्या सीझनमधे, बेडरूमच्या खिडकीत डेझर्ट कूलर लावलेला असतो आणि त्याच्या घरघरीत शेजारी झोपलेल्या माणसाशी बोलायचं तरी ओरडाव लागतं. चोर हॉलमधली आलमारी फोडून राहिला तरी आपल्याला ऐकू येत नाही, त्याला आपला खटका काय ऐकू येणार, बाप्पा! आणि समजा आलाच ऐकू, तर आपण त्याला दोनच गोष्टी सांगितल्या, की मी इथे उभा आहे, आणि आत्ता या क्षणापर्यंत माझी बंदूक तयार नव्हती. भुरटा असेल तर पळेल, पण भुरटा तर लाइट लावल्यानीही पळतो.

आता मला सांगा, ही बंदूक ठेवणार कुठे? पोरंबाळं आहेत, घरी कामाला मावशी येते, पाहुणे येतात, म्हणजे कुलपात ठेवाव लागणार, काडतुसं वेगळी ठेवाव लागणार, तसं ठेवणंच बरोबर आणि नियमही तेच मागतो. मग रात्री तीन वाजता झोपेतून उठून चष्मा शोधा, किल्ली शोधा, कपाट उघडा, काडतुसं काढा, भरा. आणि तसं न करता भरून उशाशी ठेवली तर जो धोका वर्षातून एखाद्या रात्रीचा होता तो रोज दिवसभराचा झाला. १९९३ मधे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे अमेरिकेतल्या तीन काउंट्यांचा अभ्यास छापून आला होता, त्यात बंदूक असलेल्या घरात कोणाचा तरी खून व्हायचा धोका २.७ पट निघाला, आणि मारणारा बहुतेक वेळा ओळखीचा किंवा घरचाच. त्या अभ्यासावर तिकडे अजून भांडणं चालतात, कारण धोक्यात असलेली लोकंच आधी बंदूक घेतात हा मुद्दा आहेच, पण दारू आणि रागाच्या भरात हाताशी काय आहे यानी फरक पडतो हे समजायला आकडा कशाला पाहिजे.

त्यात आपल्या घरफोडीचा प्रकारच वेगळा आहे. नागपुरात चोर शोधतो कुलूप लावलेलं घर. दारात दोन दिवसांचे पेपर पडलेले, कूलर बंद, गाडी नाही, असं घर. म्हणजे ज्या रात्री चोर येतो त्या रात्री बंदूकवाला यवतमाळला मेहुण्याच्या पोराच्या लग्नात, आणि बंदूक घरात एकटी! चोराला सोन्यासोबत दोन नळीची बारा बोर फुकट. तुम्हाला वरून पोलिस ठाण्यात जाऊन ती हरवल्याचा जबाब द्यायचा, आणि ती पुढे कुठल्या गुन्ह्यात निघते त्याची वाट बघायची. अजून एक, निवडणूक लागली की आचारसंहितेत बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात. लोकसभा, विधानसभा, मग महापालिका. तेवढे दिवस घराचं रक्षण कोण करते, ग्रिल आणि कुत्राच ना?

कायद्याबद्दल तर दोन्ही टोकाचे गैरसमज आहेत. एक पार्टी म्हणते की आपल्या देशात चोराला हात लावला तरी आपणच आत जातो. दुसरी म्हणते की घरात घुसला म्हणजे संपला, उडवा. दोन्ही चूक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ हे स्वसंरक्षणाचं आहे, आधी दंड संहितेत ९६ ते १०६ होतं तेच जवळपास. त्यातलं ४१ वाचा, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी झालेली घरफोडी, जबरी चोरी, घराला आग लावणं, अशा वेळी मालमत्तेच्या रक्षणासाठी समोरच्याचा जीव गेला तरी तो हक्कात बसू शकतो. कायदा चांगला मोठा हक्क देतो. सुप्रीम कोर्टानी २०१० च्या दर्शनसिंग विरुद्ध पंजाब सरकार या निकालात तर म्हटलंय की हल्ला होत असताना भ्याडासारखं पळून जायची अपेक्षा कायदा करत नाही. पण लगेच ३७ आहे, गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्कच नाही. रात्री घर फोडून शिरलेल्याबद्दलचा हक्क तो घरात आहे तोवरच चालतो. टीव्ही टाकून कंपाउंडवरून उडी मारून पळत सुटलेल्या पोराच्या पाठीत छर्रे घातले तर ते स्वसंरक्षण नाही. आणि आपण स्वसंरक्षणात होतो हे कोर्टात दाखवायची जबाबदारी आपली.

ज्या अमेरिकेच्या भरवशावर आपण बोलतो तिथलीच एक गोष्ट. नोव्हेंबर २०१३, डेट्रॉइटजवळचं डिअरबॉर्न हाइट्स. एका १९ वर्षांच्या पोरीचा रात्री गाडीचा अपघात झाला, काही तासांनी पहाटे तिनी एका घराचं दार बडवलं. घरमालकानी जाळीच्या दारातून १२ बोरचा बार काढला, ती जागेवर गेली. आधी तो म्हणाला बंदूक चुकून उडाली, मग कोर्टात म्हणाला भीती वाटली म्हणून झाडली. २०१४ मधे ज्युरीनी त्याला दुसऱ्या दर्जाच्या खुनात दोषी धरलं. हे त्या देशात, जिथे घरमालकाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मोकळीक आहे. आपल्याकडे पहाटे दार वाजवणारं कोण असतं ते आठवा, दूधवाला, गॅसवाला, शेजारच्या काकूंचं बीपी वाढलं म्हणून धावत आलेला त्यांचा नातू, आणि नवरात्रात कोराडीची पायदळ वारी करून परत आलेलं आपलंच पोरगं, ज्याच्याजवळ किल्ली नसते.

"हवेत बार काढायचा मग, जीव कशाला घ्यायचा." हा सल्ला तर जो बायडननी २०१३ मधे उपाध्यक्ष असताना जाहीर दिला होता, की मी बायकोला सांगून ठेवलंय, गॅलरीत जायचं आणि दोन बार काढायचे. तिथल्या बंदूकवाल्यांनीच त्यांना धुतलं होतं. दोन नळीतले दोन्ही बार काढून टाकले की हातात राहिली लोखंडी काठी. वर गेलेला छर्रा खालीही येतो. आणि आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याच्या कलम २५ मधे बेजबाबदार गोळीबाराला, मग तो लग्नातला का असेना, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. गॅलरीतून दोन बार काढून तुम्ही चोराआधी स्वतःला आरोपी करून घ्याल.

आता समोरच्याचं जे पटते ते मान्य करतो. उमरेडच्या पुढे किंवा नरखेडकडे शेतात घर करून राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला ११२ लावून गाडी यायला किती वेळ लागतो हे मी त्यांना शिकवायची गरज नाही. पोलिसांवर भरवसा नसणं हेही नागपूरला नवीन नाही, १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबा नगरच्या लोकांनी अक्कू यादव या, वर्षानुवर्षं वस्तीतल्या बायकांवर अत्याचार करूनही मोकळा फिरणाऱ्या, गुंडाला भर कोर्टात संपवलं ते का, हे या शहरातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण बघा, त्या वस्तीतल्या बायकांना कोणी बंदुकीचं लायसन्स दिलं असतं का? लायसन्स निघतं ते ज्याच्या घराला आधीच सहा फुटी कंपाउंड, कॅमेरे आणि वॉचमन आहे त्याचं. अर्ध्या लायसन्सांमागे जीवाची भीती कमी आणि लग्नाच्या वरातीत खांद्यावर टांगायची हौस जास्त, हे आपल्याला दिसतं, आपण बोलत नाही.

आणि ज्याला खरंच ठेवायची आहे त्याला वापराचा एकच शहाणा मार्ग आहे, जो अमेरिकेतले ट्रेनरही सांगतात, की घरभर चोर शोधत फिरायचं नाही. सगळ्यांनी एका खोलीत जमायचं, दार आतून लावायचं, ११२ लावायचा, मोठ्यानी सांगायचं की पोलिस येऊन राहिले, आणि बंदूक त्या एका दाराकडे. दार तोडून कोणी आत आला तरच. हे ऐकायला फिल्मी नाही म्हणून कोणाला आवडत नाही. शिवाय त्यात दार मजबूत पाहिजे, म्हणजे पहिला खर्च बंदुकीचा नाहीच, दाराचा आहे. बेडरूमला साडेतीन हजाराचं फ्लश डोअर आणि कपाटात लाखाची बंदूक, हा कुठला हिशोब?

म्हणून माझं म्हणणं लायसन्स बंद करा असं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षेच्या प्रशिक्षणाची अट लिहिलेली आहेच. ती कागदावरची सही राहू नये. लायसन्स देताना आणि २०१९ पासून दर पाच वर्षांनी जे नूतनीकरण होतं त्या प्रत्येक वेळी अर्जदाराला रेंजवर उभं करा, अंधार करा, चार मीटरवर पुठ्ठा लावा, बंदूक कुलपातून काढून भरायला लावा आणि दोन बार काढायला लावा. पुठ्ठ्याशेजारी दुसरा पुठ्ठा लावा, त्याच्यावर लहान पोराचं चित्र. त्याला एक जरी छर्रा लागला तर सहा महिन्यांनी परत या. सरावासाठी लागणारी काडतुसं कोट्याबाहेर द्या, कारण आज मोजकी काडतुसं मिळतात म्हणून लोकं ती फोडतच नाहीत, पावसाळ्यामागून पावसाळे कपाटात जपून ठेवतात, आणि मग वेळेवर ती फुटतील की नाही हेही नशिबावर. असं केलं तर अर्ध्या नागपूरची लायसन्सं जातील, असं एक जण मला म्हणाला. जाऊ द्या की मग.